हिंट संपल्यानंतरचे अडीच तास

सकाळी वीज गेली. तिसऱ्या रॅकच्या यूपीएसच्या बॅटऱ्या ११:१० ला संपल्या आणि त्या रॅकमधले दोन्ही नोड (डेटाबेसचे सर्व्हर) बंद पडले. परत उभे राहिले ते दुपारी ४:४० ला. एप्रिलचा महिना, सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर. मधल्या साडेपाच तासांत अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एकाही कारखान्यात कुणाला काही जाणवलं नाही. माग चालू होते, चादरी-टॉवेलच्या गाठी बांधल्या जात होत्या, बारकोड वाचले जात होते, ऑर्डरी येत होत्या, काही रद्द होत होत्या. हा सगळा डेटा कॅसँड्रात असतो, म्हणजे अनेक सर्व्हरवर प्रती ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये, आणि तो बनवलाय असाच चालत राहण्यासाठी. आणि रिपेअर, म्हणजे या प्रती परत एकमेकींशी जुळवणं, राहून जातं तेही याच कारणाने: मोडलेलं काही दिसतच नाही.

आधी मांडणी सांगतो, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर आहे. सहा नोड, तीन रॅक, प्रत्येक रॅकमध्ये दोन. रेप्लिकेशन फॅक्टर ३, म्हणजे प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती. रॅकची नावं नीट भरलेली असल्यामुळे त्या तीन प्रती तीन वेगवेगळ्या रॅकमध्येच पडतात. कॅसँड्रा ४.०, प्रत्येक नोडवर १६ टोकन, म्हणजे एकूण ९६ टोकन रेंज, डेटाचे ९६ तुकडे. नोडना अ१, अ२, ब१, ब२, क१, क२ म्हणू. बंद पडले ते क१ आणि क२.

लिहिणं आणि वाचणं दोन्ही कोरमने, म्हणजे तिनापैकी दोन प्रतींनी होकार दिला की झालं. अख्खा क रॅक गेला तरी प्रत्येक रेंजच्या अ आणि ब मधल्या प्रती शिल्लक होत्या, म्हणून काम अडलं नाही. दरम्यान ज्या नोडकडे लिहिण्याची विनंती येई, तो क साठी एक हिंट लिहून ठेवी: हा नोड परत आला की त्याला हे द्यायचंय. पण हिंट किती वेळ जमवायच्या याला मर्यादा आहे. मॅक्स हिंट विंडो मुळात ३ तासांची असते. नोड त्याहून जास्त वेळ बंद राहिला की त्याच्यासाठी नवीन हिंट लिहिणं थांबतं. म्हणजे ११:१० ते २:१० पर्यंतचं लिखाण क कडे नंतर पोचलं. २:१० ते ४:४० पर्यंतचं पोचलंच नाही, आणि आपोआप पोचणारही नव्हतं. रिपेअर करायचं होतं ते या अडीच तासांसाठी.

कोरमने वाचणाऱ्याला या अडीच तासांतलंही बरोबर उत्तर मिळतं, कारण कोणत्याही दोन प्रती घेतल्या तरी त्यात अ किंवा ब ची एक असतेच. पण कारखान्यातल्या भिंतीवरचे स्क्रीन वेग हवा म्हणून एकाच प्रतीवरून वाचत होते. तिथूनच फोन आला: "साहेब, ४४१७ नंबरची गाठ दुपारीच रद्द केली की आपण, मग स्क्रीनवर कशी दिसतीय अजून?"

अशा वेळी पहिला मोह होतो तो सीक्यूएल शेलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या खिडकीत) कन्सिस्टन्सी ऑल, म्हणजे तिन्ही प्रती वाचायच्या, असं लावून ती नोंद वाचून बघण्याचा. तो टाळावा. त्या वाचनातच प्रतींमधला फरक पकडला जातो, रीड रिपेअर होतं आणि तेवढी एक नोंद दुरुस्त होते. मग तुम्ही म्हणता, "बरोबर तर आहे की", आणि शेजारच्या हजार नोंदी तशाच राहतात. पुरावा न हलवता बघायचं असेल तर डिस्कवरची फाइल बघावी. नोडटूल (कॅसँड्राची व्यवस्थापनाची कमांड) गेटएंडपॉइंट्सला कीस्पेस (टेबलांचा गट), टेबल आणि की (नोंदीची ओळख) दिली की ती नोंद कोणत्या तीन नोडवर असायला हवी ते कळतं. ४४१७ साठी उत्तर आलं अ१, ब२, क१. तिन्हीकडे त्या टेबलवर नोडटूल फ्लश केलं, नोडटूल गेटएसएसटेबल्सने फाइलचं नाव काढलं आणि एसएसटेबलडंपला -के लावून तेवढीच की छापली. अ१ आणि ब२ वर पार्टिशनच्या (एका कीखालच्या नोंदींच्या) खालीच डिलीशन इन्फो होतं, मार्क्ड डिलीटेडची वेळ ०९:३५. (ही वेळ युटीसीत असते. आपल्या घड्याळात ती दुपारचे ३:०५, बरोबर त्या अडीच तासांतली.) क१ वर खोडल्याची खूण नाही. तिथे गाठ जिवंत: वजन, माग क्रमांक, पाळी, सगळं जागच्या जागी.

चुकलेल्या नव्या नोंदीपेक्षा चुकलेलं खोडणं जास्त धोक्याचं, ते इथे कळतं. कॅसँड्रात खोडणं म्हणजे काढून टाकणं नव्हे. खोडल्याची एक नोंद लिहिली जाते, तिला टोम्बस्टोन म्हणतात. हा टोम्बस्टोन जीसी ग्रेस सेकंद संपेपर्यंत जपला जातो. मुळातला आकडा ८,६४,००० सेकंद, म्हणजे १० दिवस. त्यानंतरच्या कॉम्पॅक्शनमध्ये (डिस्कवरच्या फाइली एकत्र करून साफ करण्याच्या कामात) अ१ आणि ब२ तो झाडून टाकू शकतात. मग अ१ वर काही नाही, ब२ वर काही नाही, क१ वर मात्र गाठ आहे. त्यानंतर रिपेअर केलं तर रिपेअरला दिसतं ते एवढंच की दोघांकडे नाही आणि एकाकडे आहे. ते इमानदारीने क१ वरची गाठ बाकी दोघांना देतं आणि रद्द केलेली गाठ तिन्हीकडे परत उभी राहते. टोम्बस्टोन डिस्कवर अजून पडून असला तरी भरवसा धरू नये. रिपेअर प्रतींच्या तुलनेसाठी हॅशचं झाड बांधतं (ते पुढे येईल), तेव्हा मुदत संपलेले टोम्बस्टोन मुद्दाम वगळतं, नाहीतर कोणत्या नोडवर कॉम्पॅक्शन कधी झालं यावर तुलना अवलंबून राहिली असती.

म्हणजे घड्याळ सुरू झालं होतं, आणि ते नोड परत आल्यापासून मोजायचं नाही, पहिल्या चुकलेल्या खोडण्यापासून मोजायचं. दहा दिवसांत सगळ्या रेंजचं रिपेअर संपायला हवं. सुरू करून भागत नाही. वेळ कमी पडणार असं वाटलं तर टेबलचा जीसी ग्रेस आधी वाढवून घ्यावा, आम्ही तो २० दिवसांचा केला. मुदत कॉम्पॅक्शनच्या वेळी मोजली जाते, त्यामुळे आधी खोडलेल्यांनाही ती लागू होते. किंमत एवढीच की टोम्बस्टोन जास्त दिवस साठतात आणि वाचताना आडवे येतात. एका वाचनात १,००० ओलांडले की लॉगमध्ये इशारा येतो, १,००,००० ओलांडले की वाचनच नाकारलं जातं. रिपेअर संपल्यावर आकडा आठवणीने परत खाली आणावा.

रिपेअरला हात लावण्याआधी चार गोष्टी पाहिल्या. नोडटूल स्टेटसमध्ये सहाही नोड यूएन (चालू आणि नीट) दिसायला हवेत. एखादी प्रत बंद असेल तर रिपेअर त्या रेंजवर सरळ नकार देतं. नोडटूल डिस्क्राइबक्लस्टरमध्ये स्कीमाची (टेबलांच्या रचनेची) एकच आवृत्ती हवी. हिंट वाटून संपल्यात का ते हिंटच्या फोल्डरमध्ये बघावं. त्या चालू असताना रिपेअर लावलं तर जे फुकट पोचणार होतं तेच परत स्ट्रीम होतं, म्हणजे नेटवर्कवरून पाठवलं जातं. आणि डिस्क. रिपेअरमध्ये नवीन एसएसटेबल (डिस्कवरच्या डेटाच्या फाइली) येतात, मग त्यांचं कॉम्पॅक्शन होतं, दोन्हीला जागा लागते. साइझ टिअर्ड कॉम्पॅक्शन असेल तर मोठ्या टेबलसाठी निम्मी डिस्क मोकळी ठेवावी असं म्हणतात, ते आम्हाला पटलेलं आहे.

पाचवी गोष्ट घड्याळ. तिच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून वेगळी सांगतो. दोन प्रती वेगळ्या असतील तर कॅसँड्रा ज्याचा टाइमस्टॅम्प (लिहिल्याची वेळ) मोठा त्याला खरं मानतो, बाकी काही बघत नाही. एखाद्या मशीनचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असेल तर तिथून लिहिलेलं भविष्यातलं ठरतं आणि त्यानंतरच्या दहा मिनिटांतलं खोडणं त्याच्यापुढे हरतं. रिपेअर या चुकीला दुरुस्त करत नाही, उलट तिन्ही प्रतींवर पोचवतं. बॅटरी उतरलेला सर्व्हर वीज आल्यावर चुकीची वेळ घेऊन उठू शकतो. म्हणून सहाही नोडवर क्रोनीचं (वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमचं) ट्रॅकिंग पाहिलं. आणि नवे ड्रायव्हर टाइमस्टॅम्प स्वतःच लावतात, तेव्हा ॲप्लिकेशनच्या मशीनवरही तेच पाहिलं.

आता प्रत्यक्ष कमांड. इथे चुकणारे खूप आहेत आणि चूक दिसत नाही, म्हणून सावकाश. -पीआर लावलं की नोड फक्त आपल्या प्राथमिक रेंजचं रिपेअर करतो (प्रत्येक रेंजचा एकच नोड प्राथमिक असतो). आपल्याकडे त्या नोडमागे १६. बंद पडले होते क१ आणि क२, म्हणून या दोघांवरच -पीआर लावून चालवलं तर ९६ पैकी ३२ रेंज झाल्या. एक तृतीयांश. बाकी ६४ रेंजच्या प्रती क वर आहेत, पण त्यांचा प्राथमिक नोड अ किंवा ब मध्ये आहे. कमांड यशस्वी म्हणून संपते, लॉग स्वच्छ, आणि दोन तृतीयांश माल तसाच राहतो. -पीआर वापरायचं तर सहाही नोडवर वापरायचं, यात मधला मार्ग नाही. -पीआर न लावता चालवलं तर नोड आपल्याकडे प्रत असलेल्या सगळ्या रेंज घेतो. ९६ मधल्या प्रत्येक रेंजची क रॅकमध्ये नेमकी एकच प्रत आहे, तेव्हा -पीआर न लावता आधी क१ आणि मग क२ असं चालवलं की ९६ रेंज बरोबर एकेकदा होतात. काम सहा नोडवर -पीआर लावण्याइतकंच. आम्ही हा रस्ता घेतला. हेच सहाही नोडवर -पीआरशिवाय लावलं तर मात्र प्रत्येक रेंजचं तीन तीनदा होईल.

दुसरं, --फुल. २.२ पासून नुसतं नोडटूल रिपेअर म्हटलं की ते इन्क्रिमेंटल चालतं: जे एकदा रिपेअर झालंय त्यावर खूण करून पुढच्या वेळी फक्त नवीन माल बघायचा. ४.० च्या आधी यात बरेच दोष होते, ४.० मध्ये ते काम नव्याने बांधलं गेलं. आमच्या डेटावर आधी अशी खूणच नव्हती. ती पाडण्यासाठी ॲंटीकॉम्पॅक्शन करून फाइली वेगळ्या कराव्या लागल्या असत्या. अडचणीच्या काळात ते नको होतं, म्हणून --फुल.

आधी --प्रिव्ह्यू लावून पाहिलं. किती रेंज वेगळ्या आहेत आणि अंदाजे किती बाइट इकडून तिकडे जातील ते त्यात कळतं, डेटा हलत नाही. मात्र प्रिव्ह्यूलाही सगळा डेटा वाचूनच झाड बांधावं लागतं, तेव्हा डिस्कला ते अजिबात स्वस्त नाही. भर दुपारी लावू नये.

आत काय चालतं ते माहीत असलं की आकडे बघून घाबरायला होत नाही. प्रत्येक प्रत आपल्या रेंजचा सगळा डेटा वाचते आणि त्याचं मर्कल ट्री बांधते: पानांवर नोंदींच्या गटांचे हॅश (मजकुरावरून काढलेले छोटे आकडे), वरच्या जोडावर खालच्या दोघांचा मिळून हॅश, असं करत मुळापर्यंत. मूळ जुळलं तर सगळं जुळलं. नाही जुळलं तर खाली उतरत जाऊन वेगळं पान शोधायचं. पण पान म्हणजे एक नोंद नव्हे. १५ पातळ्यांच्या झाडाला ३२,७६८ पानं असतात. त्या रेंजमध्ये दहा लाख पार्टिशन असतील तर एका पानात तीसेक पार्टिशन बसतात. त्यातल्या एकातली एक नोंद चुकली असली तरी तीसच्या तीस पार्टिशन स्ट्रीम होतात. शिवाय कोण नवं आणि कोण जुनं हे झाडाला कळत नाही, त्यामुळे माल दोन्ही दिशांनी जातो. अ शी फरक, ब शीही तोच फरक, मग क ला तेच दोनदा मिळतं. ४.० मध्ये यासाठी --ऑप्टिमाइज-स्ट्रीम्स आहे, जुळणाऱ्या दोन प्रतींपैकी एकीकडूनच घ्यायची सोय. ती लावली. चुकलेला माल अडीच तासांचा आणि वाहिलेला माल त्याच्या कितीतरी पट, हे रिपेअरमध्ये नेहमीचं आहे.

एका वेळी एक नोड, एका वेळी एक टेबल, रात्री दहानंतर. टेबल वेगळं केलं की मध्ये काही अडलं तर कुठपर्यंत झालं ते कळतं आणि तिथूनच पुढे जाता येतं. सुरुवात छोट्या टेबलपासून केली. त्यात पद्धत तपासून होते. मागांच्या पिकची (आडव्या धाग्याच्या फेऱ्यांच्या मोजणीची) मोठी टेबलं शेवटी. त्यात खोडणं नसतंच, फक्त टीटीएलने (आधीच ठरवलेल्या मुदतीने) नोंदी मावळतात, तेव्हा टोम्बस्टोनची घाई तिथे नाही. गाठी आणि ऑर्डरीची टेबलं पहिल्या दोन रात्रींतच संपवली.

कमांड टीमक्सच्या (जोडणी तुटली तरी चालू राहणाऱ्या टर्मिनलच्या) आत चालवावी. एसएसएच तुटलं किंवा कुणी कंट्रोल-सी दाबलं तर नोडटूल मरतं, रिपेअर मरत नाही. ते सर्व्हरच्या आत चालूच राहतं. ते बंद पडलं समजून परत लावलं की त्याच रेंजवर दोन सेशन, डिस्कवर दुप्पट ओझं. खात्री करायची तर तिन्ही प्रतींवर नोडटूल कॉम्पॅक्शनस्टॅट्समध्ये व्हॅलिडेशन (झाड बांधण्याचं काम) दिसतंय का आणि नोडटूल नेटस्टॅट्समध्ये रिपेअरचं स्ट्रीमिंग दिसतंय का ते बघावं. खरोखर थांबवायचं असेल तर नोडटूल स्टॉप व्हॅलिडेशन तिन्हीकडे द्यावं. सिस्टिम लॉगमध्ये प्रत्येक सेशनला एक क्रमांक असतो, तो धरून शोधलं की कोणत्या दोन नोडमध्ये किती रेंज जुळत नव्हत्या ते ओळीओळीने मिळतं.

दुसऱ्या रात्री वाचनाचा वेग पडला. स्ट्रीमिंगचा वेग कमी करायचा म्हणून क१ वर नोडटूल सेटस्ट्रीमथ्रूपुट १०० दिलं, फरक शून्य. कारण ती मर्यादा पाठवणाऱ्यावर लागते, घेणाऱ्यावर नाही. माल पाठवत होते अ आणि ब, तेव्हा २०० चं १०० करायचं ते चारही नोडवर. आकडा मेगाबिटमध्ये आहे हेही लक्षात असू द्यावं, कॉम्पॅक्शनचा आकडा मेगाबाइटमध्ये असतो. नोड रीस्टार्ट केला की दोन्ही आकडे जुन्या जागी जातात.

वेग पडण्याचं दुसरं कारण क१ वर साठलेल्या लहान लहान एसएसटेबल होत्या. स्ट्रीम होऊन आलेले तुकडे वेगवेगळ्या फाइलींत पडतात आणि एका वाचनाला जास्त फाइली उघडाव्या लागतात. कॉम्पॅक्शनला ६४ वरून १२८ दिलं, प्रलंबित कामं उतरू दिली आणि मगच पुढचं टेबल घेतलं. कॉम्पॅक्शनची रांग वाढत असताना रिपेअर रेटू नये, रात्र वाया गेली तरी चालेल. उन्हाळ्यात तर नाहीच. व्हॅलिडेशन म्हणजे अख्खा डेटा वाचून हॅश काढणं, त्यात प्रोसेसर आणि डिस्क दोन्ही तापतात, आणि सर्व्हर रूमचा एसी सोलापूरच्या एप्रिलशी आधीच झुंजत असतो.

एक गोष्ट रिपेअर करत नाही: खराब झालेली फाइल. वीज अचानक गेली की हे होऊ शकतं. व्हॅलिडेशन मध्येच तुटलं आणि लॉगमध्ये करप्ट एसएसटेबल दिसलं, तर रिपेअर पुनःपुन्हा लावण्यात अर्थ नाही. त्या नोडवर त्या टेबलचं नोडटूल स्क्रब (फाइल नव्याने लिहून खराब भाग गाळणं) आधी, त्यात गळालेल्या नोंदी भरून काढायला रिपेअर नंतर. क२ वर हे एका टेबलसाठी करावं लागलं.

पाचव्या रात्री क२ चं शेवटचं टेबल संपलं. परत प्रिव्ह्यू लावला. लिखाण चालू असलेल्या टेबलवर एक-दोन रेंज वेगळ्या दिसतातच, झाडं बांधली जात असताना वाटेत असलेल्या नोंदींमुळे. त्याची काळजी नको, दुसऱ्या वेळी त्याच रेंज आल्या तरच बघावं. मग क१ वर फ्लश, एसएसटेबलडंप, की ४४१७. मार्क्ड डिलीटेड ०९:३५. भिंतीवरच्या स्क्रीनवरूनही गाठ गेली.

त्यानंतर रिपेअर ठरलेल्या वारी लागलं. स्पॉटिफायमध्ये सुरू झालेलं रीपर त्यासाठी बसवलं. ते रेंजचे बारीक तुकडे करतं, एकेक चालवतं, अडकलेला तुकडा सोडून पुढे जातं आणि मागाहून परत घेतं. इंटेन्सिटी ०.५ ठेवली, म्हणजे जितका वेळ काम तितकाच वेळ विश्रांती. फेरी दर सात दिवसांनी. दहाची मुदत असताना सात, कारण फेरी चालायलाही वेळ लागतो आणि एखादी फेरी बिघडली तर परत लावायला जागा राहते. यादीत सिस्टिम ऑथ हा लॉगिनची माहिती ठेवणारा कीस्पेसही घातला. मुळात त्याची एकच प्रत असते. ती असलेला नोड गेला की डेटा शाबूत असूनही लॉगिन अडतं. तो तीनवर नेला आणि नेल्यावर लगेच त्याचं फुल रिपेअर केलं. नुसता आकडा बदलल्याने नव्या प्रती भरत नाहीत.

हिंटची मुदत सहा तासांवर नेऊ का, हा प्रश्न येतोच. नेता येते, डिस्कवर जागा असेल तर. पण हिंट ज्या नोडवर साठलीय त्याचीच डिस्क गेली तर हिंटही गेली, तेव्हा तिच्या भरवशावर रिपेअर लांबवू नये. आणि नोड दहा दिवसांहून जास्त बंद असेल तर तो तसाच क्लस्टरमध्ये परत आणू नये. त्याच्याकडे खोडलेल्या मालाच्या जिवंत प्रती आहेत आणि त्यांना अडवणारे टोम्बस्टोन आता कुणाकडेच नसतील. त्याचं डेटा फोल्डर रिकामं करावं आणि रिप्लेस ॲड्रेस फर्स्ट बूट या सेटिंगला त्याचाच पत्ता देऊन नवा नोड म्हणून उभा करावा, म्हणजे तो सगळा डेटा अ आणि ब कडून ताजा घेईल. तिसऱ्या रॅकच्या यूपीएसला नवीन बॅटऱ्या बसल्या आहेत, पण सुट्या भागांच्या कपाटात एक रिकामी डिस्क तयार ठेवली आहे ती याचसाठी.